हँडहेल्ड गेमिंगसाठी स्टोरेज वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘जागा शिल्लक नाही’ असं स्क्रीनवर आलं की बहुतेक जण आधी मायक्रोएसडी मेमरी कार्ड मागवतात आणि ते हातात आल्यावर आपल्या यंत्रात काय चालतं याचा शोध घेतात. इथले बरेचसे प्रश्न त्या उलट्या क्रमातूनच आलेले आहेत. उत्तरं मुख्यतः स्टीम डेक, आरओजी अलाय, लीजन गो (हे तिन्ही म्हणजे हातात मावणारे संगणकच) आणि निन्टेंडो स्विच ही हातात धरून खेळायची यंत्रं वापरणाऱ्यांसाठी आहेत. चिनी बनावटीची छोटी रेट्रो यंत्रं वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे.

मला खरंच जास्त जागा लागणार आहे का?

आधी यंत्रावरच्या गेमची यादी आकारानुसार लावा. वरचे तीन-चार गेमच निम्मी जागा खाऊन बसलेले दिसतील, आणि त्यातला एखादा तुम्ही कित्येक महिन्यांत उघडलेलाही नसेल. गेमच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक असतो. स्टारड्यू व्हॅलीला स्टीमवर (वाल्व कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानावर) ५०० एमबी जागा पुरते, तर बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी लागते. म्हणजे ‘मला पन्नास गेम ठेवायचेत’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कुठले पन्नास, ते सांगा.

माझं मत विचाराल तर एका वेळी खेळत असलेल्या गेमच्या दीडपट जागा एवढा हिशेब धरावा. विकत घेतलेली अख्खी लायब्ररी सोबत वागवायची हौस असेल तर जरूर वागवा, पण ती हौस आहे हे लक्षात घेऊन पैसे मोजा. इंटरनेट जलद आणि अमर्याद असेल तर गेम काढून पुन्हा उतरवणं फुकट पडतं. डाउनलोडला रात्र जात असेल किंवा महिन्याला डेटाची मर्यादा असेल, तर मात्र मोठं स्टोरेज ही चैन राहत नाही.

स्टोरेज वाढवल्याने फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढेल का?

नाही. गेम लवकर उघडेल, एका भागातून दुसऱ्यात जाताना कमी थांबावं लागेल. मोठ्या नकाशाच्या काही गेममध्ये धावता धावता बसणारे झटके कमी होतील, पण तेही आधीचं स्टोरेज फारच मंद असेल तरच. फ्रेम काढण्याचं काम प्रोसेसरचं.

कार्ड घेऊ की आतली एसएसडी (यंत्राच्या आत बसवलेली वेगवान डिस्क) बदलू?

स्विच असेल तर प्रश्नच नाही, कार्ड. संगणकाच्या जातीतल्या हँडहेल्डवर मी सहसा आधी कार्डच सुचवतो. यंत्र उघडावं लागत नाही, काही बिघडत नाही, आणि पुढेमागे एसएसडी बदलली तरी कार्ड वाया जात नाही. छोटे गेम, जुने गेम, एमुलेटरवरचे (जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवरचे) गेम कार्डावर मजेत चालतात.

एसएसडी बदलायची वेळ येते ती दोन कारणांनी. एक, तुमच्याकडे डेकचं ६४ जीबीचं मूळ मॉडेल आहे आणि सिस्टीम, शेडर कॅशे (गेमच्या चित्रांसाठी साठवलेल्या तयार फाइली), बारीकसारीक फाइली यांनीच ते भरून जातंय. दोन, तुम्ही सतत अपडेट होणारे मोठे ऑनलाइन गेम खेळता. हे दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

कार्डावरची ती सगळी चिन्हं वाचायची कशी?

‘एक्ससी’ म्हणजे ३२ जीबीच्या पुढचं, २ टीबीपर्यंतचं कार्ड. रोमन १ म्हणजे यूएचएस-१ जोडणी, जिची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. रोमन २ म्हणजे यूएचएस-२, कमाल ३१२ एमबी. इंग्रजी यू अक्षरातला ३ किंवा व्ही३० यांचा अर्थ एकच: सलग लिहिताना वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाणार नाही. हे आकडे मुळात व्हिडिओ चित्रण करणाऱ्यांसाठी आहेत.

गेमसाठी जास्त कामाचं चिन्ह ए१ किंवा ए२. गेम चालताना कार्डावरून सलग मोठी फाइल क्वचितच वाचली जाते, इकडचे तिकडचे छोटे तुकडे उचलले जातात. ए१ कार्डाने असे सेकंदाला किमान १५०० तुकडे वाचायला आणि ५०० लिहायला हवेत, ए२ ने ४००० वाचायला आणि २००० लिहायला. मेख अशी की ए२ चा पूर्ण वेग मिळायला यंत्रानेही त्याची खास सोय वापरावी लागते, आणि अनेक यंत्रं ती वापरत नाहीत. तेव्हा ए२ साठी थोडे जास्त पैसे गेले तर ठीक, दुप्पट मोजू नका.

पाकिटावर २०० एमबी लिहिलंय, मला ९० च मिळतात. फसलो का?

नाही. यूएचएस-१ च्या दारातून १०४ च्या वर काही जात नाही. कंपन्या १७०, २०० असे आकडे देतात ते मानकाबाहेरच्या खास पद्धतीने, आणि त्यासाठी त्यांचाच रीडर लागतो. स्टीम डेक आणि मूळ स्विच या दोघांचे स्लॉट यूएचएस-१ आहेत, म्हणजे तिथे ९० हा उत्तम वेग झाला. त्या खास रीडरमधून संगणकावरून गेम कॉपी करताना जादा वेग मिळेल, एवढाच त्याचा फायदा.

त्याच न्यायाने डेकसाठी यूएचएस-२ कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

अपडेट फक्त ३०० एमबीचं होतं, तरी कार्डावर अर्धा तास का लागला?

हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. कार्ड-एसएसडीच्या वादात सगळे लोडिंगचे सेकंद मोजत बसतात आणि रोज छळणारी गोष्ट राहून जाते.

बरेच गेम आपला मालमसाला मोठ्या गाठोड्यांत बांधून ठेवतात. समजा एक गाठोडं ६० जीबीचं आहे आणि अपडेटमध्ये त्यातले विखुरलेले काही तुकडे बदलायचे आहेत. डाउनलोड होतात ३०० एमबीच. पण स्टीम जुनं गाठोडं वाचत जातं, बदललेले तुकडे त्यात घालतं आणि नवीन गाठोडं पुन्हा लिहून काढतं. म्हणजे ६० जीबी वाचणं आणि ६० जीबी लिहिणं. सेकंदाला ९० एमबी वाचन धरलं तर अकरा मिनिटं, ५० एमबी लेखन धरलं तर वीस मिनिटं. झाला तुमचा अर्धा तास. तेवढ्या वेळात डाउनलोडची पट्टी केव्हाच भरलेली असते आणि खालची डिस्कची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत असते. हेच काम एनव्हीएमई जातीच्या वेगवान एसएसडीवर एक-दोन मिनिटांत उरकतं.

शिवाय नवीन गाठोडं तयार होईपर्यंत जुनं राहतंच, त्यामुळे तात्पुरती दुप्पट जागा लागते. ‘अपडेट ३०० एमबीचं, ४० जीबी मोकळे, तरी जागा नाही म्हणतंय’ ही तक्रार त्यातलीच.

म्हणून माझी विभागणी सोपी आहे. ज्या गेमला दर आठवड्याला अपडेट येतं तो आतल्या एसएसडीवर. ज्याची कथा पूर्ण झाली आणि बनवणारेही पुढच्या कामाला लागले, तो कार्डावर.

आणि लोडिंग?

कार्डावर जास्त वेळ लागतोच, पण गेममागे गेम बदलतो. कित्येक गेममध्ये फरक थोड्या सेकंदांचा असतो, कारण वाचलेला माल उलगडण्यात प्रोसेसरचाच वेळ जातो. ज्या गेमने गरजांच्या यादीत एसएसडी हवीच असं लिहिलंय, तो मात्र कार्डावर टाकू नका.

मूळ स्विचला कुठलं कार्ड?

चांगल्या कंपनीचं कुठलंही यूएचएस-१ कार्ड. २०१७ च्या स्विचमध्ये आणि लाइटमध्ये आत ३२ जीबी आहेत, ओएलईडी मॉडेलमध्ये ६४. डिजिटल गेम घेणार असाल तर कार्डाशिवाय गत्यंतर नाही. २५६ किंवा ५१२ जीबी बहुतेकांना पुरतं.

तुमचे सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) मात्र कार्डावर जात नाहीत, यंत्राच्या आतल्या मेमरीतच राहतात. त्यामुळे कार्ड हरवलं तर गेम पुन्हा डाउनलोड होतील आणि प्रगती जशीच्या तशी असेल. उलट यंत्र गेलं आणि क्लाउड बॅकअप नसेल, तर कार्ड हातात धरून काही उपयोग नाही. दुसऱ्या स्विचचं गेम भरलेलं कार्डही आपल्या स्विचमध्ये घालून चालत नाही. डाउनलोड केलेला माल त्या त्या यंत्राशी बांधलेला असतो.

तेच कार्ड स्विच २ मध्ये चालेल का?

गेमसाठी नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं. जुन्या कार्डावरून तो फक्त स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेतो. दिसायला दोन्ही कार्डं सारखीच, नखाएवढी, म्हणून घोळ होतो. एक्सप्रेसच्या कार्डावर मागे पिनांची दुसरी ओळ असते आणि पुढे ‘ईएक्स’ हे चिन्ह. ही कार्डं एसएसडीच्या पीसीआयई जोडणीवर चालतात, त्यामुळे वेग कितीतरी पटींनी जास्त आणि किंमतही तशीच.

आत २५६ जीबी आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी कार्ड घ्यायची घाई नको. मात्र गेम-की कार्डांकडे लक्ष ठेवा. दुकानातून डबी आणली तरी त्या कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. पूर्ण गेम डाउनलोडच करावा लागतो आणि जागाही तेवढीच जाते.

१ टीबी घेतली, यंत्र ९३१ दाखवतंय. बाकीची कुठे गेली?

कुठेच नाही. कंपनी हजारच्या पटीत मोजते, यंत्र १०२४ च्या. ५१२ चे असेच सुमारे ४७६ दिसतात.

कार्ड अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

डोळ्यांनी ओळखायच्या भानगडीत पडू नका, छपाईची नक्कल हुबेहूब असते. नकली कार्डात खरी चिप समजा ३२ जीबीची असते आणि तिला ‘मी ५१२ ची आहे’ असं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. पहिले ३२ जीबी सगळं सुरळीत. त्यानंतर नवीन माल एक तर जुन्यावरच लिहिला जातो किंवा गायब होतो. म्हणूनच फसवणूक पहिल्या दिवशी कळत नाही. आठव्या-नवव्या गेमनंतर पहिला गेम उघडेनासा होतो, आणि माणूस गेमला शिव्या घालतो.

उपाय एकच, कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघणं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर किंवा मॅकवर एफ३ ही मोफत साधनं हेच करतात. ५१२ जीबीला साधारण चार तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. नवीन कार्डावर गेम टाकायच्या आधी ही चाचणी करायचीच. परत करायची मुदत उलटल्यावर कळून काय उपयोग?

एसएसडीच्या २२३०, २२४२, २२८० या आकड्यांचा अर्थ?

मिलिमीटर. पहिले दोन अंक रुंदी, पुढचे दोन लांबी. स्टीम डेकला आणि पहिल्या आरओजी अलायला २२३० लागते, म्हणजे ३० मिलिमीटरची आखूड पट्टी. पहिल्या लीजन गोमध्ये २२४२ असते. अलाय एक्समध्ये २२८०, म्हणजे डेस्कटॉपवाली पूर्ण लांबीची. याचा मोठा फायदा असा की २२८० चा बाजार मोठा आहे आणि तेवढ्याच जागेला पैसे कमी पडतात. पट्टी एकाच बाजूला चिप असलेली घ्या. मागच्या बाजूलाही चिप असतील तर जाडी वाढते आणि झाकण बसत नाही.

जाता जाता: पहिल्या अलायमध्ये उष्णतेमुळे कार्ड रीडर बिघडू शकतो हे असूसने २०२३ मध्ये स्वतः मान्य केलं होतं. ते मॉडेल असेल तर कार्डापेक्षा मोठी एसएसडी बरी.

डेकमध्ये थोडी खटपट करून २२४२ बसवलेली पाहिली. करू का?

नको. २०२२ मध्ये ही टूम निघाली तेव्हा डेक बनवणाऱ्या वाल्वच्या डिझायनरनेच जाहीरपणे सांगितलं होतं की चार्जिंगची चिप फार तापते, तिच्या आसपासचे उष्णता वाहणारे पॅड हलवू नयेत, आणि त्या लांबीच्या बहुतेक एसएसडी डेकच्या आवाक्यापेक्षा जास्त वीज ओढतात. आज चालेल, पण यंत्राचं आयुष्य घटेल.

६४ जीबीच्या डेकमध्ये ईएमएमसी (एसएसडीपेक्षा मंद साठवण) आहे. ती बदलता येते?

येते. डेकमधली ईएमएमसी बोर्डवर डाखलेली नाही. तीही २२३० च्याच पट्टीवर त्याच स्लॉटमध्ये बसलेली असते. काढा आणि एनव्हीएमई लावा.

पीसीआयई जोडणीच्या चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या यंत्रात चालेल?

चालेल, तिसऱ्या पिढीच्या वेगाने. डेक तिसऱ्या पिढीवरच आहे. हातातल्या यंत्रात कमाल वेगापेक्षा एसएसडी किती तापते आणि रिकामी बसली असताना किती वीज खाते हे जास्त बघावं.

टीएलसी घ्यावी की क्यूएलसी?

टीएलसीच्या एका पेशीत तीन बिट मावतात, क्यूएलसीच्या चार. त्यामुळे क्यूएलसी स्वस्त, पण लिहिताना धीमी. सुरुवातीला ती वेगवान वाटते, कारण काही भाग झटपट कॅशे म्हणून वापरला जातो. १०० जीबीचा गेम एका दमात टाकला की तो कॅशे भरतो आणि वेग कोसळून जुन्या हार्ड डिस्कवर येतो. गेम एकदा टाकून पुष्कळ खेळणाऱ्याला हे क्वचितच जाणवेल. २ टीबी हवी आणि खिसा परवानगी देत नाही, तर क्यूएलसी घ्यायला हरकत नाही. मी स्वतः टीएलसी घेतो.

झिजण्याची मात्र भीती बाळगू नका. ६०० टीबी लेखनाची हमी असलेल्या एसएसडीवर रोज १०० जीबी लिहिले तरी सोळा वर्षं जातील.

यंत्र उघडताना काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. हे वाक्य प्रत्येक मार्गदर्शनात असतं आणि तरीही मी विसरलो. डेकचे आठही स्क्रू नीट काढून ठेवले, कडेच्या फटीत प्लास्टिकची पट्टी घातली, कडक-कडक करत खुंट्या सुटल्या. एका कोपऱ्यात झाकण अडतंय म्हणून किंचित जोर लावला आणि एक वेगळाच, बारीक, कोरडा आवाज आला. कार्डाचा अर्धा तुकडा झाकणात, अर्धा स्लॉटमध्ये. यंत्र वाचलं, ५१२ जीबी गेले. डेकमध्ये कार्डाचं टोक झाकणाच्या खाचेतून बाहेर येतं. झाकण वर उचललं की कार्डाचे दोन तुकडे होणारच.

बाकीचं असं. यंत्र पूर्ण बंद करा. डेकवर बायोसमध्ये (सिस्टीम सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बॅटरी स्टोरेज मोड लावा, म्हणजे चार्जर जोडेपर्यंत ते जागं होणार नाही. एलसीडी डेकच्या मागच्या आठ स्क्रूंपैकी चार लांब, चार आखूड आहेत. कागदावर यंत्राची आकृती काढून जिथला स्क्रू तिथे चिकटपट्टीने लावून ठेवा, कारण लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर पुढचं प्लास्टिक फुगतं. बोर्डला हात लावायच्या आधी बॅटरीची जोडणी सोडवा. ती वायर ओढून काढायची नसते, टोकाचा कनेक्टर पकडून सरकवायचा असतो. जुन्या एसएसडीवर चकचकीत धातूचं वेष्टन असतं, ते काढून नव्यावर चढवा. नवीन पट्टी तिरकी घाला, तळापर्यंत गेली की दाबा आणि स्क्रू बेताने आवळा.

सिस्टीम नव्या एसएसडीवर कशी न्यायची?

दोन रस्ते आहेत. पहिला, कोरी सुरुवात. वाल्वकडून स्टीमओएसची (डेकच्या सिस्टीमची) रिकव्हरी इमेज घ्या, ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर लिहा, व्हॉल्यूम कमीचं बटण दाबून यंत्र चालू करा आणि पेनड्राइव्ह निवडा. दुसरा, क्लोन. नवीन एसएसडी यूएसबी डबीत घालून जुनीची हुबेहूब प्रत करायची. मी पहिला सुचवतो. एक तासाचं काम आहे आणि जुना कचरा सोबत येत नाही.

विंडोजवाल्यांनी आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी किल्ली कुठे आहे ते बघून ठेवावं. क्लोन केल्यानंतर ती मागितली जाते, आणि तेव्हा शोधाशोध करणं फार जिवावर येतं.

सेव्ह जातील का?

क्लाउडला जोडलेले गेम असतील तर नाही. पण सगळेच गेम जोडलेले नसतात. बाहेरून टाकलेले आणि दुसऱ्या दुकानांतून घेतलेले गेम एकेक तपासा. एमुलेटरचे सेव्ह हाताने कॉपी करा.

एकच कार्ड स्टीमओएस आणि विंडोज दोन्हीवर?

सरळपणे नाही. स्टीमओएस कार्ड ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करतं आणि विंडोज ते वाचत नाही. कपाळावर आठ्या पाडून घेण्यापेक्षा दोन कार्डं ठेवा.

छोट्या रेट्रो यंत्रासोबत आलेलं कार्ड बदलावं का?

पहिल्याच दिवशी. त्या डबीत येणारं बिननावाचं कार्ड हा त्या यंत्राचा सगळ्यात कच्चा दुवा. यंत्र वर्षानुवर्षं चालतं, कार्ड मध्येच मान टाकतं आणि सेव्ह घेऊन जातं. ते चालू आहे तोवर त्याची पूर्ण इमेज काढून चांगल्या कार्डावर लिहा. इथे १२८ जीबीसुद्धा डोंगराएवढे वाटतात, जुन्या कार्ट्रिजचे गेम काही एमबींचेच असतात. कार्ड फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर मावत नाही, तेव्हा डिस्कवरचे मोठे गेम टाकताना एक्सफॅट चालतं का बघा.

यूएसबीची बाहेरची एसएसडी लावून खेळलं तर?

डॉकवर टेबलाशी बसून खेळताना उत्तम. हातात धरून खेळताना लोंबणारी वायर कधी ना कधी निसटते, आणि त्या क्षणी लेखन चालू असेल तर फाइल बिघडते. स्विच तर यूएसबी डिस्कवरून गेम चालवतच नाही.

काढलेल्या जुन्या एसएसडीचं काय करू?

महिनाभर काहीच करू नका. नवीन कुरकुरली किंवा एखादा सेव्ह राहून गेला, तर जुनी परत लावून तो काढता येतो. त्यानंतर २२३० बसणारी छोटी यूएसबी डबी घ्या, पुसून फॉरमॅट करा आणि पेनड्राइव्ह म्हणून वापरा. फक्त विकायची असेल तर आधी सगळं पुसा, त्यावर तुमचं लॉगिन अजून आहे.